क्र. ४ची विहीर

१२ जाने.
मुंबईच्या संस्थेतून अहवालाचा मसुदा आला. सांडोर गावच्या विहिरींवरचं आमचं एकत्र काम. पाण्याचे नमुने त्यांच्या इंजिनिअरांचे; खाडीचं पाणी शिरून विहिरी कशा खाऱ्या झाल्या, त्या बायकांच्या आठवणी मी गोळा केलेल्या. पान नऊ : 'विहीर क्र. ४ : पाणी गोडे. स्थानिक आठवणी मोजमापाशी जुळत नाहीत, सबब वगळल्या.'
वगळल्या! दोन वर्षं ओट्याओट्यावर बसले मी. क्र. ४ म्हणजे रेमेतमावशीची विहीर. तिच्या केळींच्या पानांच्या कडा करपल्यात, आंधळ्यालाही कळेल. आणि यावरच ठरणार, खाडीचा फुटका बांध दुरुस्त होणार की नाही. पाणी गोडं, तर बांध कशाला?

१३ जाने.
संस्थेच्या डॉ. के.ला फोन. "मॅडम, तुम्ही मराठीच्या. शब्द तुमचे, आकडे आमच्यावर सोडा ना." माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. विचारलं, पाणी तोंडात घेऊन बघितलंत? हसला. "प्रोटोकॉलमध्ये नाही ते."
फोन आपटून ठेवला. चहा सांडला.

१५ जाने.
मावशीकडे. आधी विहिरीवर. शाळेतून येताना इथे ओंजळ धरायचो, मावशी वरून कळशी ओतायची, युनिफॉर्म भिजायचा, सिस्टर ओरडायच्या. किती गोड पाणी ते. आज घोट थुंकावा लागला.
मावशीला सांगितलं, अहवालात गोडं आलंय. पदर सारखा केला तिने. मग लाजून, "बाय, तूच म्हणालीस ना, मुंबईचे पाहुणे येणार? त्यांना काय खारं दाखवायचं? मोटर लावून उपसली, टँकर ओतून घेतले."
"मावशी, ते पाणी प्यायला नव्हते आले गं!"
"मग कशाला आले होते?"
पाहुणे म्हणाले होते मीच. 'तपासायला येतायत' एवढं म्हणायला जीभ झडली होती?

१६ जाने.
के.ला टँकरचं कळवलं, मावशीचं नाव न घालता. उत्तर तासाभरात : 'म्हणजे स्थानिक माहिती अविश्वसनीयच ठरते. फेरतपासणीला वेळ नाही. शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर तुमचं नाव काढतो.'
अविश्वसनीय! ऐंशीची बाई पाहुण्यांपुढे घराची लाज राखते, आणि हा…

१७ जाने.
सही केली नाही. करणारही नाही. पण नाव काढलं तर अहवाल तसाच पुढे जाईल, आणि बांध गेलाच.
मावशीला सगळं वाचून दाखवलं. भडकली. "घाल माझं नाव. लिही, रेमेतने ओतलं. आणि बोलव त्याला रविवारी. चहा विहिरीच्याच पाण्याचा करते. दूध फाटलं तर फाटलं."
तसंच लिहून पाठवलं, तिच्याच शब्दांत. संध्याकाळचे सात. उत्तर नाही.