जिन्याखालची अंडी

नाशिक,
२४ एप्रिल २०२५

अश्विन,

सप्रेम जय भीम. वत्सलाकाकूंचा गुडघा कसा आहे? तेल लावतात ना नेमानं? इकडे ठीक. बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली. सायखेड्याला ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखून हाक मारतात. तुझीही चौकशी केली. "कामात आहे," म्हटलं मी.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे पत्र.

सोमवारी मी कॉलेजात आले तेव्हा नवसाबाई प्रयोगशाळेबाहेर झाडू टेकवून, नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "मॅडम, जिन्याखाली लय वास सुटलाय. घूस मेली वाटतं." मी वाकून पाहिलं. आपल्या फ्रीजरमधली नमुन्यांची खोकी. माझ्या अक्षरातली लेबलं सुटून फरशीला चिकटली होती. पिशव्यांमध्ये पिवळं पाणी. अंडी फुटलेली, आतल्या पिल्लांची नुसती पिसं ओळखू येत होती. एप्रिलातला शनिवार-रविवार, वर पत्रा. दुसरं काय होणार?

ती अंडी कुठून आली हे तुला पाठ आहे. प्रकल्पाच्या प्रस्तावात तूच छान लिहिलं होतंस. पण तिकडं तू नव्हतास, मी होते. दक्षिण ध्रुवाकडच्या त्या खडकांत, जिथं हिमपेट्रेल घरटी करतात. पारव्याएवढा पांढराशुभ्र पक्षी, वर्षाला एकच अंडं घालतो. त्या हंगामात वादळामागून वादळं आली. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं आणि थंडीत ते बर्फ होऊन कोसळतं, हे वाक्य तू वर्गात दरवर्षी सांगतोस. मी ते कोसळताना पाहिलं. खडकांच्या कपारी गच्च भरल्या. पक्षी पोटानं बर्फ वितळवत बसून राहिले आणि शेवटी उठून समुद्राकडं निघून गेले. मी चमच्यानं बर्फ खरवडून एकेक थंडगार अंडं काढलं. बोटं इतकी बधिर झाली होती की अंडं हातात आहे की सुटलं, ते बघून कळायचं. एक फुटलं तेव्हा तंबूत जाऊन रडले होते. एक!

त्या अंड्यांत पारा किती, आपल्यासारख्या गरम देशांत फवारलेली औषधं हवेतून तिकडं पोचून किती साठलीत, हे आपण तपासणार होतो. निफाडपासून सायखेड्यापर्यंत द्राक्षबागांवर फवारणी चालते, त्या वासात मी वाढले. जिथं शेत नाही, गाव नाही, तिथल्या अंड्यात ते औषध कसं जातं, हे मला मोजायचं होतं. तो हंगाम आता कोणी परत आणून देणार आहे का?

आणि कशासाठी गेलं सगळं? आइस्क्रीमसाठी.

सोमवारी संध्याकाळी तू माझ्या खोलीवर आलास, खुर्चीत कोसळलास. "मनू, अर्ध्या तासासाठी काढली होती गं खोकी. कॅन्टीनचा फ्रीजर बंद पडला, आइस्क्रीम वितळायला लागलं. प्राचार्य म्हणाले, पाहुणे बसलेत, काहीतरी करा. मग भाषणं, सत्कार, जेवणं... डोक्यातूनच गेलं." मी तुला पाणी दिलं. खरं सांगते, तुझी दया आली. कॉलेजच्या रौप्यमहोत्सवाची गडबड, विसरला माणूस. मी भांडले असते, महिनाभर बोलले नसते, पण ते निभलं असतं.

काल नवसाबाईंचा फोन आला. "मॅडम, कंत्राटदार म्हणतो उद्यापासून येऊ नको. सरांनी सांगितलं म्हणे, झाडताना मीच खोकी भाईर काढली. मी त्या फ्रीजरला हातबी लावला नाय हो. सर असं का बोलले?"

सर असं का बोलले, अश्विन?

तू मला एकटीला खरं सांगितलंस आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना खोटं. मी कुठं बोलणार नाही याची तुला इतकी खात्री का होती, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तो विषय मला इथं काढायचा नाही.

सोमवारी चौकशी समिती बसते आहे. मी बोलायच्या आधी तू बोल. एवढंच मागते.

मनाली

•

नाशिक,
३ मे २०२५

अश्विन,

जय भीम. बाबा बरे आहेत. मीही.

तू बोललास, पण काय बोललास! मी समितीला घडलं ते सांगितलं, तेव्हा तू टेबलाकडे बघत होतास. मग घसा साफ करून म्हणालास, "मॅडमच्या आणि माझ्यात काही वैयक्तिक बाबी आहेत. त्या रागातून त्या बोलताहेत."

वैयक्तिक बाबी! म्हणजे येत्या नोव्हेंबरात ठरलेलं आपलं लग्न. जे मी मागच्या पत्रात लिहायचं टाळलं, कारण तुझ्यावर दबाव आला असं वाटू नये. ते तू स्वतः काढून टेबलावर ठेवलंस, मला खोटं पाडायला. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. एका सरांना हसू आवरेना. तुझ्यावरचा राग तोवर माझ्यात मावत होता. त्यानंतर नाही.

म्हणून मी ओरडले. हो, ओरडले. "त्या दिवशीचं आइस्क्रीम कुठल्या फ्रीजरमध्ये होतं, ते सांगा ना कोणीतरी!" त्या खोलीतल्या प्रत्येकानं ते खाल्लं होतं. शेवटी प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "मीच सांगितलं होतं जागा करायला." तुझ्यापेक्षा ते बरे.

निष्कर्ष तुला कळलाच असेल. 'समन्वयाचा अभाव.' म्हणजे कोणाचीच चूक नाही. नवसाबाईंना परत घेतलंय, पण ग्रंथालयाच्या इमारतीत. मला म्हणाल्या, "तुमच्या मजल्यावर नको मॅडम, आता भ्या वाटतं." प्रकल्प तुझ्याकडे राहिला. मी राजीनामा दिला. ज्या संस्थेनं मला ध्रुवाकडं पाठवलं, तिला सगळं कळवलंय.

तू फ्रीजरचे वरचेच कप्पे रिकामे केले होतेस. खालच्या कप्प्यातली थोडी अंडी आइस्क्रीमच्या डब्यांखाली तशीच गोठलेली सापडली. संस्थेची परवानगी घेऊन, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून मी ती पिंपळगाव बसवंतला नेली. तिथल्या कोल्ड स्टोरेजमधला दिनेश बाबांच्या ओळखीचा. गोठवलेल्या मटारच्या खोलीत त्यानं एक फळी मोकळी केली. "मॅडम, हितं मका ठेवला, मटार ठेवला. पाखराची अंडी पहिल्यांदाच. लाइट गेली तरी जनरेटर हाय, निवांत जा." बाहेर कांद्याच्या टेम्पोंची रांग होती. मी त्या रांगेत उभी राहून पहिल्यांदा मोकळेपणी रडले. तपासणी आता दुसऱ्या प्रयोगशाळेत होईल. थोड्या अंड्यांवरून किती सांगता येईल, माहीत नाही. जेवढं येईल तेवढं सांगेन.

परवा तुमच्या घरी गेले. तू नव्हतास, मुद्दाम तीच वेळ धरली. काकूंनी पोहे केले. मी खाल्ले नाहीत. सगळं सांगितलं. लग्न होणार नाही, हेही मीच सांगितलं. तुझ्याकडून त्यांना काय ऐकायला मिळालं असतं, याचा आता मला भरवसा नाही.

काकू ऐकत होत्या. ज्या आईनं महापालिकेच्या शाळेत जन्मभर झाडलोट करून तुला शिकवलं, तिच्यापुढं नवसाबाईंचं नाव घेताना माझीच जीभ अडखळली. "आमचा अश्विन असा नाही गं," त्या म्हणाल्या. ताटली उचलून आत गेल्या. परत आल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "की आहे?"

मी उठले. ते उत्तर तू द्यायचंस. ते देऊन झालं की नवसाबाईंच्या घरी जा. माझ्याकडे येऊ नकोस.

मनाली पुंजाराम गांगुर्डे