सकाळी अडते, दुपारी चालते

निडी, ता. रोहा
१२ जानेवारी

तीर्थस्वरूप दाजींस,

निडीहून हैबतरावाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. वाल शेंगेवर आलाय आणि थंडी यंदा अशी की पहाटे बादलीत हात घालवत नाही. तुमची तब्येत कशी आहे? दसऱ्याला आमच्याकडून पेणला परतल्यापासून तुमचे गुडघे एकदम सुधारले, जिना आता कठडा न धरता चढता, असं अक्का सांगत होती. ऐकून फार बरं वाटलं. (या गुडघ्यांकडे मला पुढे परत यायचंय, तोवर त्यांना जपा.) फोन सोडून पत्र का, तर तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अक्का कायम शेजारी असते. पाकिटावर मुद्दाम 'सोसायटीच्या सभेची नोटीस' असं लिहिलंय. अक्का ते उघडायची नाही.

विषय आबांच्या दुनळी बंदुकीचा. आबा गेल्यावर तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर व्हायला मी रोह्याला तीन वर्षं खेटे घातले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हवेत बार काढून वालातली डुकरं पळवणं, यापलीकडे तिने आजवर काही केलेलं नाही. खंडेनवमीला ती अख्खी खोलायची, पुसायची, तेल देऊन जोडायची आणि विळ्याकोयत्यांच्या रांगेत हळदकुंकू लावून पूजेला मांडायची, ही आबांची रीत. यंदा तुम्ही स्वतः शेजारी पाटावर बसून ते पाहिलंत. ("तो स्क्रू तिरका बसतोय" असं चार वेळा म्हणालात. पाहुणे होतात म्हणून मी गप्प बसलो.)

डिसेंबरात थंडी पडली आणि एका पहाटे वालात डुकरं शिरली. मी बंदूक घेऊन बांधावर गेलो, आभाळाकडे धरली आणि अंगठ्याने सेफ्टीचा खटका पुढे सारायला गेलो, तर खटका जागचा हलेना. (हा खटका मागे असला की चाप कितीही ओढा, बार उडत नाही.) मी जोर लावला, फुंकर मारली, आबांचं नाव घेतलं. डुकरं तोवर माझ्याकडे बघत निवांत शेंगा खात होती. शेवटी पत्र्याचा डबा बडवला तेव्हा ती निघाली, तीही घाईने नव्हे.

घरी आल्यावर रंभा म्हणाली, "आज बंद अडकला, उद्या उघडा अडकंल. पोरंबाळं येतात-जातात घरात. नीट नाय झाली तर ठाण्यात कायमची जमा करून या." दाजी, तिचं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. याच महिन्याच्या बावीस तारखेला परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक रोह्याला दाखवायचीय. तिथेच ती कायमची सोडावी लागली असती तर परवानाही गेलाच असता. आबांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू आता माझ्याकडे आहे.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास अंगणात उन्हात गोणपाट पसरून मी ती खोलायला बसलो, तर खटका मऊसूत पुढेमागे! दुसऱ्या पहाटे पुन्हा ठप्प. मग तुमचा तो तिरका स्क्रू काढून सरळ बसवला. (सरळच होता.) मग स्प्रिंगवर संशय घेतला. दर खेपेला खोलायची, जास्तीचं तेल पाजायचं, जोडायची. दर खेपेला तेच, सकाळी अडते, दुपारी चालते. रंभा म्हणाली, "तुमच्या उलट हाय. तुम्ही सकाळी चालता नि दुपारी जेवून अडता."

अखेर पेणच्या डॅनियलकाकांकडे नेली. बंदूकदुरुस्तीत आता तेवढेच जुने राहिलेत, बाकी त्यांची भावंडं केव्हाच इस्रायलला गेली. निडीहून गाडीने पोचेपर्यंत दुपार, म्हणजे खटका अर्थातच उत्तम. असा मी दोनदा हात हलवत परतलो. (तुमच्या घरावरूनच गेलो, पण आत आलो नाही. तुम्ही स्क्रूचं विचारलं असतंत.) तिसऱ्या खेपेला त्यांनी बंदूक नाकाशी नेली.

"हैबतराव, हिला कापूर नि खोबरेलाचा वास कसा? आमचे आजे घाणा चालवायचे, तेलाचं मला शिकवू नका."

त्यांनी खटका सोडवून शेजारच्या सरबतवाल्याकडच्या बर्फाच्या पाण्यात ठेवला. दहा मिनिटांत त्यावर पांढरी साय धरली. दाजी, मी शरमेने मेलो. रोज आंघोळीआधी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणारा माणूस मी, आणि बंदूक का गोठते म्हणून महिनाभर डोकं फोडत होतो! काकांनी सगळे भाग रॉकेलने धुतले, आपल्याकडचे शेवटचे चार थेंब घातले आणि जोडून दिली. परवा पहाटे धुक्यात बांधावर उभा राहिलो, अंगठा लावला आणि खटका टक्कन पुढे गेला. बार काढायचंही भान राहिलं नाही. मी तिथेच बसलो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

आता प्रश्न उरतो तो खोबरेल आलं कुठून. काकांनी गणपतीत मला बंदुकीचं तेल दिलं होतं, खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत. अक्काने तुमच्या गुडघ्यांसाठी कापूर घातलेलं खोबरेल आणलं होतं, तेही तसल्याच बाटलीत. दसऱ्याला दोन्ही एकाच कोनाड्यात होत्या. पुढचं तुम्ही जाणताच.

तुमचा आज्ञाधारक,
हैबतराव

ता.क. बावीस तारखेच्या आत तुमच्याकडे गेलेली ती बाटली कोलाडकडे येणाऱ्या कुणाच्या हाती पाठवावी. काकांकडचं तेल संपलंय.

ता.क. दुसरा : अक्काला कळू देऊ नका. तिने त्याच कृतीने तेल करून अख्ख्या आळीला वाटलंय आणि बाकी कुणाला गुण का येत नाही म्हणून ती काळजीत आहे.

ता.क. तिसरा : गुडघ्यांना खरोखरच फरक असेल तर अर्धी ठेवून घ्या. बंदुकीला चार थेंब पुरतात.

ता.क. चौथा : दाजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. बंदूक राहू द्या घरात, मी आता काय बोलत नाय. पण बाटली माझ्या नावावर पाठवा. माळ्यावर चढताना माझा उजवा गुडघा दोन वर्षं कुरकुरतो. ह्यांना बंदुकीचा खटका ऐकू येतो, माझा गुडघा नाय आला अजून. — रंभा