धुता येईल अशी खुर्ची

माय, तुला जाऊन सतरा वर्षं झाली. तुझ्यासाठी केलेली प्लायवूडची खुर्ची, ती मधोमध भोक आणि खाली भांडं असलेली, अजून गावात कुणाच्या ना कुणाच्या घरी असते. सध्या ती ज्यांच्या सासऱ्याला लागते, त्या बाईंनी परवा विचारलं, "रोज धुतो, तरी हिचा रंग कसा निघत न्हाई?" मी रंगाचं नाव सांगितलं आणि घरी आलो. खरं उत्तर लांबलचक होतं. ते तुला लिहायला बसलोय.

२००१ साली तुझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नांदेडच्या दवाखान्यातून तुला कुरुंद्याला आणलं तेव्हा उजवा हात-पाय निकामी, जीभ जड, डोकं मात्र लख्ख. परसातल्या संडासात तुला एकटीला बसता येईना. मी आणि तुझी सून दोन बाजूंनी धरून बसवायचो आणि तू डोळे घट्ट मिटून घ्यायचीस. पंधरा दिवसांत तू दुपारची भाकर बंद केलीस. पाणीही घोट-घोट प्यायला लागलीस. भूक न्हाई म्हणायचीस. खरं कारण तुझ्या सुनेच्या ध्यानात आलं. उठवावं लागू नये, म्हणून तू उपाशी राहत होतीस.

मी शाळेतला क्लार्क, करवत नीट धरता येत नव्हती. पण तू एकटी, दार लावून बसू शकशील अशी खुर्ची करायचीच, हे मी ठरवून टाकलं. वसमतहून प्लायवूड आणलं, रविवारी कापलं, ठोकलं. सोमवारी ऑइल पेंटचा जाड हात दिला, मंगळवारी दुसरा, आणि गुरुवारी तुला बसवलं. खुर्ची चकाकत होती. महिना झाला नसेल, तुला अंघोळ घालताना सुनेला तुझ्या मांडीवर ओरखडे दिसले. रंगाची एक कपची कातडीत रुतली होती. मी खुर्ची उलटी करून पाहिली. भोकाच्या कडेनं प्लायवूड फुगून त्याचे पदर सुटले होते, रंगाचे पापुद्रे लोंबत होते.

"टोचत होतं तर सांगायचं न्हाई का, माय?"

"तू येवढ्या हौसेनं केली. काय सांगावं," तू म्हणालीस. मग जड जिभेनं एकेक शब्द सुटा करत, "पर काहून रे, घाई कायची होती?"

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी ते फुगलेलं बूड, म्हणजे बसायची फळी, पोत्यात गुंडाळून वारंगा फाट्याला गेलो. तिथं ट्रकच्या बॉडी रंगवणारा एक म्हातारा पेंटर होता. त्यानं कडेत नख खुपसलं, ते सहज आत गेलं. "वरून रंग बराबर दिला तुमी," तो म्हणाला. "पर कडा उघडी ठेवली. प्लायवूड कडेनं पाणी पितं, मास्तर. आधी तिला रंग पाजा, मंग ती पाणी मागणार न्हाई."

"मी मास्तर न्हाई, क्लार्क हाय."

"मंग तर सोपंच. एक कागद पुरा झाल्याबिगर दुसरा धरत न्हाई ना तुमी? तसंच करा."

नवं बूड कापलं. भोकाची कड घासून गोल केली. टर्पेंटाइन घालून पातळ केलेला प्रायमर कडेला पाजला. कडेनं तो शोषून घेतला, पुन्हा पाजला, तिसऱ्यांदा तो वर तरंगला तेव्हा थांबलो. मग बारीकसारीक खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकू दिली, घासली. खालची, कुणाला न दिसणारी बाजूही तशीच. स्वयंपाकघराच्या दारात तुझी बाज, तिच्याशेजारी माझं घासणं, आणि आतून सून म्हणतेय, "भाकरीत धूळ येऊन राहिली, जरा तिकडं सरका." मी सरकत नाही, कारण तुझा डावा हात तिथवरच पोचतो. वाळलेल्या हळदीची कांडी घोळून गुळगुळीत झाली की नाही, हे न बघता सांगणारा हात तो. तू डोळे मिटून बुडावरून तळवा फिरवतेस.

"इथं खरखर लागून राहिली."

मला काही दिसत नाही. तरी घासतो. दुसऱ्या दिवशी तू आणखी एक जागा दाखवतेस. तिसऱ्या दिवशी भोकाच्या आतली बाजू. त्या वेळी मला राग आला होता. मी घासायचा कागद फेकून उठलो, अंगणात जाऊन उभा राहिलो, आणि परत येऊन घासायला बसलो. तू हात तिथंच ठेवला होतास.

रंगाचे चार पातळ हात दिले, दर दोन हातांमध्ये एक दिवस सोडून आणि पाण्यात भिजवलेल्या घासायच्या कागदानं हलकं घासून. शेवटच्या हातानंतर तिसऱ्या दिवशीच मी म्हणालो, "बस आता." तू मान हलवलीस. "वास येऊन राहिला अजून. ऱ्हाऊ दे." आणखी आठ दिवस थांबलो, आणि ते आठही दिवस तुला पहिल्यासारखंच धरून नेलं. नवव्या दिवशी नखानं दाबलं तर खूण उमटली नाही. तुला बसवलं. तू बसल्या जागी पुन्हा एकदा हात फिरवलास आणि म्हणालीस, "जा, दार लोटून घे." त्या दुपारी तू स्वतःहून भाकर मागितलीस. अर्धी संपवून वर तांब्याभर पाणी प्यायलीस.

पुढं तू साडेतीन वर्षं जगलीस. रंगाचा टवका उडाला नाही, हे मी येईल त्याला सांगत असतो. लोक म्हणतात, असा लेक पाहिजे. मी ऐकून घेतो. पण खुर्ची झाली त्या दिवसापासून मी सकाळी लवकर शाळेला निघायला लागलो, माय. साडेतीन वर्षं खालचं भांडं उचललं, धुतलं ते तुझ्या सुनेनं. मी एकदाही नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. ती आत्ता बाहेर अंगणात धुणं वाळत घालतेय. तिची चाहूल लागली की हा कागद मी घडी करून खिशात टाकणार आहे.