दाजींचे सलगम मी नांगरले त्याविषयी

विस्कॉन्सिन, १५ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ऑर्विल दाजी यांना धाकटा मेहुणा ड्वेन याचा खाली मान घालून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (मार्लीसताई फोनवर "बरा आहे" एवढंच म्हणते आणि ठेवून देते, त्यामुळे गुडघा बरा आहे की ती रागावली आहे हे कळत नाही.) तुम्ही तर फोन उचलतच नाही, म्हणून हे पत्र. इकडे कॅरल ठीक, कुत्रा ठीक, ट्रॅक्टरही ठीक, आणि खरं तर सगळा घोळ त्या ट्रॅक्टरपाशीच आहे.

टेकडीमागच्या एकरात हरणांसाठी काय पेरायचं यावरून ऑगस्टमध्ये आपलं वाजलं. शिकारीचा सीझन उघडेपर्यंत आसपासचा मका कापलेला असतो आणि जिथे हिरवं दिसेल तिथे हरणं येतात, इथवर आपलं एकमत. पुढे तुम्ही सलगम म्हणालात आणि मी राय, ते गव्हासारखं धान्य. शेवटी ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन, गळ्यात बियांची पिशवी अडकवून, तुम्ही हातानं अख्खा एकर पेरलात. तोही मचाणासमोरचा नाही, खालच्या खोपटासमोरचा, कारण शिडी चढणं डॉक्टरांनी बंद केलंय. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं मी लोकांना सांगतो.

सलगम उगवले झकास. पानं गुडघ्याएवढी (माफ करा, मांडीएवढी). पण सबंध सप्टेंबर एकाही हरणानं तोंड लावलं नाही; येत, हुंगत आणि कॅरलचे गुलाब खायला जात. तुम्ही म्हणत होता, थांब, कडाक्याची थंडी पडली की पाला गोड होतो. मी थांबलो नाही. सहा ऑक्टोबरला ट्रॅक्टर काढला, सगळं गाडलं आणि राय टाकली. ती दुसऱ्या दिवशी रानटर्क्यांनी वेचून खाल्ली. चाळीसेक होत्या, आणि मीच जेवायला बोलावल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. पुन्हा पेरली, पुन्हा आल्या, या वेळी नातेवाईक घेऊन.

आणि एकोणीस तारखेला बादलीतलं पाणी गोठलं. सकाळी बघतो तर जिथे ट्रॅक्टर वळला नव्हता त्या कोपऱ्यात जेवणाच्या टेबलाएवढे सलगम उरले होते, आणि त्यावर सात हरणं. त्यांत तो दहा टोकांच्या शिंगांचा नरही होता, ज्याला तुम्ही तीन वर्षं नुसतं लांबून पाहताय. तेवढा पाला संपल्यावर तो बाकीच्या एकरात खुरांनी माती उकरत फिरला आणि काही मिळेना तसा ओढ्यापलीकडे निघून गेला. दाजी, मी कुंपणाशी उभा होतो आणि मला फार वाईट वाटलं. इतकं की घरी येऊन नाश्ता केला नाही. (दुपारी केला.)

तर येत्या शनिवारी सीझन उघडतोय. एकवीस वर्षांत तुमच्याशिवाय एकही गेला नाही. खोपटातली शेगडी साफ केली आहे. एवढ्या रानावर एकट्यानं नजर ठेवणं मला जमायचं नाही, जोडीला दुसरी बंदूक हवी, म्हणून या.

लोभ कमी झालाच असेल. उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुमचा,
ड्वेन

ता.क. ताई एकदा फोन ठेवता ठेवता म्हणाली होती, पत्रात माफी माग. वाचून पाहिलं तर मागितलेली दिसत नाही. मागतो.

आणखी ता.क. थंडीनंतर गोडी येते हे बियांच्या पिशवीवर छापलेलं होतं, आणि मी ते वाचलंही होतं. पण आदल्या रविवारी जेवताना तुम्ही म्हणालात, "ड्वेनला दम निघत नाही," आणि सगळे हसले. सोमवारी मी ट्रॅक्टर काढला. नंतर गिरणीवर, दाजींचं बियाणंच खराब निघालं, असंही सांगत फिरलो. काल तिथे जाऊन सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं. हसता हसता त्यांनी कॉफी सांडली, माझ्या बुटांवर.

शेवटचं ता.क. दुसरी बंदूक हवी हे खोटं आहे. यंदा मी शिकारीचा परवानाच काढलेला नाही. हरीण येईल असंही वाटत नाही, त्याला खायला तिथे मी काही ठेवलंच नाही. तुम्ही आलात तर शेजारी बसून राहीन. नाही आलात, तर मला त्या रानात काय करायचंय.