भीतीच्या पट्टीवर शिक्का नाही

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? वाकू नकोस म्हटलं तरी वाकतच असशील. मी मजेत आहे. (मजेत म्हणजे दवाखान्यात आहे, पण मजेत.) उद्या सकाळी पित्ताशय काढणार. किरकोळ काम आहे, कुणीही यायची गरज नाही, हे मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, तुलाही सांगितलं होतं. मला भीतीबिती काही वाटत नाही. पण ती वाटत नाही हे सिद्ध करायला गेलो आणि जो घोळ झाला, तो तुला कळवणं भाग आहे.

झालं असं, की दुपारी एक सिस्टर आली, आपल्या थोरल्या भाचीच्या वयाची. हातात वीतभर प्लास्टिकची पट्टी. पट्टीला सरकता काटा. डावीकडे हसरा चेहरा, उजवीकडे रडका. ऑपरेशनची जेवढी भीती वाटते तिथे काटा सरकवायचा, मग ती पट्टीच्या मागचा आकडा वाचून भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगणार. आता तूच सांग अक्का, ज्याने उभा जन्म वजनमाप निरीक्षक म्हणून काढला, भल्याभल्या दुकानदारांचे तराजू जप्त केले, त्याच्यापुढे बिनशिक्क्याची पट्टी? मी विचारलं, हिची पडताळणी कधी झाली? तर म्हणते, काका, घाबरू नका. अगं, मी कुठे घाबरलोय, पट्टी सदोष आहे! काटा इतका ढिला, की पट्टी एका बाजूला कलली तर माणूस शूर, दुसऱ्या बाजूला कलली की भित्रा. मी तो हसऱ्या चेहऱ्यापाशी नेऊन ठेवला, तर घरंगळत निम्म्यावर आला. (मीच पट्टी कलती धरली असं सिस्टरचं म्हणणं. पट्टी पंख्याच्या वाऱ्याने कलली होती.)

मग मी तिला समजावलं, की कुठलंही माप तपासायचं तर आधी खात्रीचं वजन ठेवून बघतात. शेजारच्या खाटेवर गुडघेवाले काका आहेत. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, उद्या घरी जाणार, म्हणजे भीती शून्य. त्यांच्या हातात पट्टी दिली, तर गृहस्थांनी काटा थेट रडक्याच्या गालापर्यंत नेला! कशाची भीती? तर घरी जायची. सूनबाई रोज व्यायाम करून घेणार म्हणे. आता बोल! सिस्टरला हसू आवरेना आणि मला चेव आला.

तुझी भावजय खिडकीपाशी मोसंबं सोलत बसली होती. तपासण्या झाल्या तेव्हापासून ती एकच सांगतेय, पोटातले चार खडे ते काय, चुटकीसरशी निघतील. म्हटलं, ही घ्या सिस्टर, आमच्या घरचं अस्सल शून्य. हिने हात पुसले, पट्टी घेतली आणि काटा सरकवला. पट्टी आडवी होती, अगदी समतल. मी डोळ्यांनी बघत होतो. काटा उजव्या टोकाला पोचला, तरी ही अंगठ्याने ढकलतच होती. मग पट्टी सिस्टरला परत दिली आणि पुन्हा मोसंबं सोलायला लागली. माप चुकतंय असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मोसंब्याची एक फोड मागितली.

हिच्यासमोर बोलता येत नाही म्हणून लिहितो, अक्का, तेव्हापासून मी फार घाबरलोय. संध्याकाळी सिस्टर पुन्हा आकडा विचारायला आली, तर म्हटलं, बाई, तुम्हाला दिसेल तो लिहा. तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

बाकी सगळं ठीक. प्रकृतीस जपावे.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र तुझी भावजयच आज रात्री घरी जाताना आणून देईल. तिच्यासमोर उघडू नकोस. आत तुझ्या कंबरेच्या औषधांची नावं आहेत असं तिला सांगितलंय.

ता. क. २ : कुणी येऊ नका म्हटलं होतं, ते बाकीच्यांसाठी. तू सकाळी ये. मला आत नेलं की ती बाहेरच्या बाकावर एकटी असेल. तिला धीरबीर देत बसू नकोस. नुसती शेजारी बस.

ता. क. ३ : पण बाकावर बसण्याआधी दोन मिनिटं माझ्याकडे ये. इथे सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत, सर्जनसुद्धा, झाडूवालासुद्धा. त्यानेच जास्त भीती वाटते. तू ये, आणि काहीतरी खुसपट काढून मला चांगली झाप. तू रागावलीस की वाटेल, अजून काही बिघडलेलं नाही.