माहितीपुस्तिका लवकरच येत आहे

१ मे, गुरुवार. सकाळी ७.१०
महाराष्ट्र दिन. सुट्टी. संकल्प: ‘तासिका’ची माहितीपुस्तिका ३१ मेपर्यंत पूर्ण. रोज चार पानं. एकशेवीस होतील.

नोंदीसाठी: ‘तासिका’ म्हणजे शाळेचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर. मी एकट्याने लिहिलं आणि जगाला फुकट दिलं, कोडसकट. कोणीही घ्या, वापरा, बदला. आजवर ४१२ डाउनलोड. त्यातले तीनशे तूच केलेस, असं बायको म्हणते. वेदिकाला ओपन सोर्स कळत नाही. फार तर अडीचशे.

सकाळी ९.४०
श्रीगणेशा करणार तोच फोन. हरसूलकडच्या शाळेच्या वत्सलाबाई. बावीस वर्षं ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीने वेळापत्रक लावतायत, यंदा ‘तासिका’ घेतलंय. बाजाराच्या दिवशी त्यांची शाळा सकाळची असते, ते कसं टाकायचं? मी शांतपणे म्हणालो, बाई, आधी माहितीपुस्तिका वाचा, मग फोन करा. बाई म्हणाल्या, वाचते की, कुठं हाय ती? म्हटलं, लवकरच येतेय. तर म्हणाल्या, मग आत्ता काय वाचू?

फुकट दिलं की लोक डोक्यावर बसतात. मूड गेला. आज लिहिणं नाही.

३ मे, शनिवार
मुखपृष्ठ झालं. फॉन्ट निवडायला तीन तास. अर्पणपत्रिका कोणाला? आईला की जगाला? उद्या ठरवू.

६ मे, मंगळवार. संध्याकाळी
पुन्हा वत्सलाबाई. पण आज बातमी! केंद्रप्रमुखांनी ‘तासिका’ पाहिलं. आवडलं. केंद्रातल्या अकराही शाळांना द्यायचं म्हणतात. अट एकच: सोबत छापील माहितीपुस्तिका हवी. १४ जूनला शिक्षकांचं प्रशिक्षण. पुस्तिका नसेल तर पुन्हा ड्रॉइंग पेपर.

अकरा शाळा! पाच वर्षं या एका फोनची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. वेदिकाने विचारलं, काय झालं. म्हटलं, कांदा. ती म्हणाली, आज तर दुधी आहे.

बाजाराचं बाईंनी परत विचारलं. मी सांगितलं, शंका लेखी द्या. जगभर हीच पद्धत आहे. शिस्त हवी.

१२ मे, सोमवार
पोस्टाने जाड पाकीट. वत्सलाबाईंच्या शंका, लेखी. एकोणीस. फूलस्केपवर, समास सोडून, लाल शाईने क्रमांक. मी वेबसाइटवर लिहा म्हणत होतो. असो.

शंका मोलाच्या आहेत. उत्तरं पुस्तिकेत येणारच, मग वेगळं कळवून काय करायचं? लॅपटॉप जरा खाली होता, कागद त्याच्याखाली जपून ठेवलेत.

१८ मे, रविवार
घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. छपाईसाठी मी एका परदेशी माणसाचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात जोडाक्षरं तुटतात. ‘मुख्याध्यापक’चे पार तुकडे. मॅन्युअल बघायला गेलो, तर मॅन्युअलच नाही! त्या गृहस्थाला खरमरीत ईमेल लिहिली. जगाला एखादी गोष्ट देता, तर ती समजावून सांगायची जबाबदारी कोणाची? लोकांनी काय अंदाजाने बटणं दाबायची?

दुपारी उत्तर आलं. मॅन्युअल लवकरच येत आहे, म्हणे. काय हा निर्लज्जपणा!

२५ मे, रविवार
प्रस्तावना, पान दोन. ‘वेळ म्हणजे काय’ इथवर आलोय. पाया पक्का हवा.

बाईंचा फोन. बाजाराच्या दिवसाचं जमलं म्हणाल्या. सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी दोन शाळा केल्या, एक ‘हरसूल’ आणि दुसरी ‘हरसूल बाजार’. दोन्ही छापायच्या, कात्रीने कापायच्या, डिंकाने चिकटवायच्या. लय सोपं हाय सर, म्हणाल्या.

अरे देवा! कात्री! या जुगाडाला माझ्या सॉफ्टवेअरमध्ये थारा नाही. आवृत्ती दोन काढतो, त्यात ‘बाजार’ नावाचं स्वतंत्र बटण. पुस्तिका त्यानंतर. आधी कळस मग पाया, असं मी करत नाही.

३१ मे, शनिवार
पुस्तिका पूर्ण झाली नाही. कारणं: आंबे, पाहुणे, बटण. नवी मुदत १२ जून. रोज दहा पानं. सहज.

८ जून, रविवार
आवृत्ती दोन प्रसिद्ध! बटण केशरी ठेवलंय. तपासायला वेळ नव्हता, पण लिहिताना चुकल्यासारखं वाटलं नाही.

बाईंचा चौदा दिवसांत फोन नाही. वळण लागलं म्हणायचं. तरी दोनदा फोन चालू आहे ना ते बघितलं.

१३ जून, शुक्रवार. संध्याकाळी ७
पुस्तिकेची स्थिती: मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका (जगाला), प्रस्तावना आणि एकशेवीस पानांची अनुक्रमणिका. गाभा तयार आहे, मजकूर तेवढा राहिला. लेखक स्वतः समोर उभा असताना पुस्तक कशाला? उत्स्फूर्त बोलेन. वेदिका म्हणाली, निदान आज एकदा ते बटण दाबून बघ. शर्टाला इस्त्री करायची होती.

१४ जून, शनिवार. संध्याकाळी ६
सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही.

सकाळच्या एसटीने गेलो. बावीस शिक्षक. प्रत्येकाच्या हातात पिन मारलेली झेरॉक्स. ‘तासिका कशी चालवावी’, पानं एकतीस. वत्सलाबाईंचं अक्षर. एकोणीस शंका, एकोणीस उत्तरं, पट्टीने आखून काढलेली स्क्रीनची चित्रं. मी विचारलं, उत्तरं कोणी दिली? बाई म्हणाल्या, कोणी देईना, मग मीच बटणं दाबून दाबून शोधली.

मी आवृत्ती दोन सुरू केली. केशरी बटण दाबलं. बाजाराचा दिवस राहिला, बाकीचा आठवडा गेला. पहिल्या रांगेतले एक गुरुजी म्हणाले, हे बरंय, आठवड्यात एकच दिवस शाळा. सगळे हसले. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, सर, पान नऊ. जुनी आवृत्ती, दोन शाळा, कात्री. चार मिनिटांत वेळापत्रक भिंतीवर.

अकराही शाळांनी ‘तासिका’ घेतलं. बाईंना शाल आणि नारळ. मला नारळ.

परतीच्या एसटीत शेवटचं पान वाचलं. तिथे एक जादा, शंका २०: सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सरांना फोन करावा का? उत्तर: करू नये. सर मनाने चांगले आहेत, पण त्यांना कामं फार. नवीन बटण आलं तर लगेच दाबू नये. अडचण आल्यास मला विचारावे.

‘मनाने चांगले आहेत’ हे चारदा वाचलं.

१६ जून, सोमवार. सकाळी ११.३०
शाळा सुरू. आमच्या इंदिरानगरातल्या एका शाळेचा फोन! वेदिकाने नाव सुचवलं होतं. दोन पाळ्यांची शाळा, वेळापत्रक आजच हवं. म्हटलं, आत्ता सांगतो. तासभर बसलो. पाळ्या कुठे टाकायच्या, तेच आठवेना. मीच लिहिलंय, पण पाच वर्षं झाली.

झेरॉक्स शोधली. एसटीत राहिली.

शेवटी बाईंना फोन केला. मागे पोरांचा गलका. बाई म्हणाल्या, सर, आधी वही वाचा, पान चौदा, मग फोन करा. म्हटलं, वही हरवली. बाई म्हणाल्या, आत्ता माझा तास हाय. शंका लेखी द्या.

दुपारी १.१५
लिहून काढल्या. समास सोडून, लाल शाईने क्रमांक घालून. बरोबर चार पानं झाली. एका दिवसात, ठरवल्याप्रमाणे.