पाठीवरून उतरवलेलं नाव

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (दुकानाच्या माळ्यावर आडवं व्हायला जागा नाही, म्हणून बसल्याबसल्याच घातला आहे, पोचला असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? मी बरा आहे, फक्त बोटं भाजलीत आणि डोकं फिरलंय. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. तर मामा, मागच्या वेळी फोनवर तुम्ही आपल्या फुटबॉल क्लबच्या त्या डावऱ्याला जे झोडायला लागलात ते थांबलाच नाहीत. कृतघ्न काय, लोभी काय, क्लबने वाढवला आणि क्लबवरच उलटला काय. मी आपला "माझंही जरा ऐका" म्हणतोय, आणि तुम्ही "बरं, नीट राहा" म्हणून ठेवून दिलात. मला सांगायचं होतं ते असं, की समोरच्या दुकानवाल्याने मला कामाला बोलावलंय, आणि जावं की राहावं या विचाराने माझी झोप उडालीय. पण आधी डावऱ्याचं सांगतो, नाहीतर तुम्ही पुढे वाचणार नाही.

तुम्ही टीव्हीवर बघता, कंटाळा आला की बंद करता. मला त्याचं नाव उपटावं लागतं. तुम्हीच शब्द टाकून मला मैदानाबाहेरच्या या दुकानात लावलंत, तेव्हा काम ठरलं होतं जर्सीच्या पाठीवर खेळाडूंची नावं गरम प्रेसने चिकटवायचं. पण डावऱ्याचा करार संपत आला आणि त्याने वाढवून मागितलं, हे पेपरात आल्यापासून चिकटवणं बंद, काढणं सुरू. जर्सी उलटी करायची, आतून गरम करायची, गोंद सैल झाला की चिमट्याने एकेक अक्षर ओढायचं. बरं, ओढूनही तो जात नाही! जर्सी उन्हाने विटलेली, अक्षरांखालचं कापड मात्र नवंकोरं, त्यामुळे नाव काढल्यावर आणखीच ठसठशीत दिसतं. एक पाववाला तर माझ्या अंगावरच आला, "अजून दिसतोय की मेला! घास!" मी घासलं. भोक पडलं. आता तो म्हणतो, हेही डावऱ्याचंच पाप. मग एक दिवस पेपरात डावऱ्याचा करारासमोर हातात पेन घेतलेला फोटो आला, तर तीच माणसं त्याच जर्स्या घेऊन हजर, "लाव रे, आपलाच पोरगा आहे तो." दुसऱ्या दिवशी कळलं फोटो जुना होता. पुन्हा रांग! मालक मात्र खूश. काढायचे पैसे वेगळे, लावायचे वेगळे.

आणि रांगेत उभं राहून जे न्यायदान चालतं ते तर विचारूच नका. ज्या गोलसाठी त्याला खांद्यावर घेऊन नाचले, तो आता समोरचा गोलकीपर घसरला म्हणून झाला. तो मैदानात जांभई देतो, हे आता लक्षात आलं (पहिल्या दिवसापासून देतोय). आमच्याकडे एक टॅक्सीवाला येतो, तो सगळ्यांचा म्होरक्या. म्हणतो, पैशासाठी मालक बदलणं रक्तातच नसावं लागतं. हा गृहस्थ तीन टॅक्सीमालक बदलून बसलाय, आणि शेवटच्याची किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे! बरं, डावऱ्याच्या जागी जो नवा येणार म्हणतात, तोही जुन्या क्लबशी भांडूनच येतोय. तर तो काय? जिद्दी! आणि मागच्या हंगामात बचावाला खेळणाऱ्या आमच्या बॅकीचा पाय मोडला, क्लबने करार अर्ध्यावर तोडून त्याला घरी बसवलं, तेव्हा क्लबचं चिन्ह उपटून द्या म्हणत एक माणूस आला नाही, मामा. मी प्रेस तापवून बसलो होतो.

आता माझं. प्रेस शिकलास की आठवड्याची सुट्टी देतो, झोपायला खिडकीची खोली देतो, कामाचा कागद करून देतो, असं मालक तुमच्यासमोर म्हणाले होते ना? मी विचारलं की म्हणतात, हंगाम संपू दे. हंगाम संपला की म्हणतात, पुढचा तोंडावर आलाय. परवा मी गिऱ्हाइकांदेखत विचारलं. मालक माझ्याशी बोललेच नाहीत, रांगेला म्हणाले, "बघा, यालाही डावऱ्या चावला." झालं! टॅक्सीवाला म्हणाला, "हातात चिमटा दिला कुणी तुला? विसरलास?" पाववाला (भोकवाली जर्सी घालूनच) म्हणाला, "तरीच हल्ली अक्षरं तिरकी बसतात." दर आठवड्याला मला बाळा म्हणणाऱ्या एका आजीबाईंनी माझ्या हातातली जर्सी काढून घेतली. मला खिडकी हवी होती हो, मामा. झोपताना वारा लागावा एवढंच. त्यात मी कुणाचं काय खाल्लं?

असो. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. तुम्ही राहा म्हणालात तर राहीन, जा म्हणालात तर जाईन. मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञेतला भाचा

ता. क. राहा म्हणू नका.

ता. क. दुसरा. म्हणालात तरी उपयोग नाही, कारण मी सोमवारपासून समोरच्या दुकानातच आहे. (वरचं पत्र आधी लिहून ठेवलं होतं, बरं जमलं होतं, फाडवेना.) इथे पहिल्याच दिवशी कागदावर सही झाली. डावऱ्याची अजून व्हायचीय. तिकडे नावं काढायला कुणी उरलं नाही, म्हणून सगळी रांग इकडे आली. टॅक्सीवाला सगळ्यात पुढे. म्हणतो, बरं केलंस, तो तुझा जुना मालक पहिल्यापासून चिक्कूच होता.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. नव्या मालकाला माझ्याबद्दल खात्री देणारं कुणीतरी हवंय. मी तुमचं नाव दिलंय. रविवारी त्यांचा फोन येईल. कृपा करून डावऱ्याचा विषय काढू नका. जुन्या मालकांना सांगितलं होतंत तेच, त्याच भारदस्त आवाजात सांगा, की पोरगा एकदा एका जागी लागला की मरेपर्यंत हलत नाही.